नळी नको

गेन्झोदादा पडला तेव्हा त्याच्या हातात बोटीच्या इंजिनाचा पट्टा होता आणि तोंडात शिवी. शिवी अर्धीच राहिली. बंदरावरच्या त्याच्या शेडमध्ये दोन कोळी उभे होते. त्यांना वाटलं, हा हसतोय, म्हणून तेही हसले. मग कळलं की त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं आहे. त्या दिवसापासून उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही त्याचं ऐकेनाशी झाली.

मी त्यांची शेजारीण, नात्सुयो. लॉन्ड्रीची व्हॅन चालवते, हॉटेलांच्या चादरी नेते-आणते. कागेयामांचं स्वयंपाकघर आणि माझी न्हाणी यांच्यामध्ये हातभर जागा आहे, त्यामुळे त्यांच्याकडे आज काय शिजतंय हे मला न विचारता कळतं. दादा इस्पितळात होता ते सगळे दिवस त्या भिंतीकडून कसलाच वास आला नाही. फुसाएवहिनी सकाळच्या बसने जायची, संध्याकाळच्या बसने यायची आणि येताना दुकानातला गार भाताचा गोळा बसमध्येच खायची. मग मीच तिला व्हॅनमधून न्यायला लागले.

डॉक्टरांनी बोलावलं त्या दिवशी वहिनी, दादाची थोरली बहीण तोमिकोताई आणि मी अशा तिघी गेलो. डॉक्टर तरुण होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी चित्र काढून दाखवलं. घास जायची वाट ही, श्वासाची वाट ही. यांचं गिळणं कमजोर झालंय. पाणी फुप्फुसात उतरतं. नाकातली नळी कायमची ठेवता येत नाही, तेव्हा पोटाला बारीकसं छिद्र पाडून तिथून नळी बसवू. साधं काम आहे. मग टेकडीवरच्या शुश्रूषागृहात जागा मिळेल.

"फार चांगलं," तोमिकोताई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून चष्मासुद्धा काढला. "सही कुठे करायची?"

"त्यांना विचारलंत?" वहिनीने विचारलं.

"कुणाला?" डॉक्टर म्हणाले.

"ह्यांना. पोट त्यांचं आहे."

तोमिकोताईंनी वहिनीच्या बाहीला हिसका दिला. "अगं, त्याला काय कळतंय? स्वतःचं नाव सांगता येत नाही त्याला."

"नाव सांगता येत नाही, वन्सं. माहीत आहे."

वहिनी उठली आणि सरळ खाटेपाशी गेली. दादा छताकडे बघत पडला होता, नाकात नळी, गालावर चिकटपट्टी. वहिनी त्याच्या डाव्या कानाशी वाकली आणि बाजारात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "अहो, ऐका. हे लोक म्हणतायत, तुमच्या पोटाला भोक पाडून त्यातून पातळ खाणं सोडू. मग तोंडाने खायचं काही काम राहणार नाही. चालेल?"

दादाने डोळे तिच्याकडे वळवले. बराच वेळ तो नुसता बघत राहिला. मग डावा हात उचलला, नाकातली नळी मुठीत धरली आणि दोरी ओढावी तशी ओढून काढली. उशीवर रक्ताचे थेंब पडले. नर्स धावल्या.

"बघितलंस?" तोमिकोताई ओरडल्या. "अक्कल राहिली नाही म्हणते ते हेच!"

"अक्कल आहे म्हणूनच उपटली," वहिनी म्हणाली.

तिथून पुढे वहिनीने इस्पितळात रोज एकच धोशा लावला. यांचं गिळणं पुन्हा तपासा. शेवटी कंटाळून म्हणा किंवा दया येऊन म्हणा, डॉक्टरांनी तपासलं. क्ष-किरणांच्या पडद्यावर घास उतरताना दिसतो, तसली तपासणी. पाणी दिलं तर ते वाट चुकलं. तेच घट्ट करून, हनुवटी छातीकडे टेकवून, सपाट चमच्याने दिलं तर हळूहळू का होईना, योग्य वाटेने गेलं.

"पण असं भरवायचं म्हणजे दिवसभर चमचा घेऊन बसाल तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "आणि एक घास जरी चुकला तरी न्यूमोनिया. माणूस जाऊ शकतो. मी लपवत नाही."

"लपवू नका. मीही लपवत नाही. मी यांना घरी नेणार."

दादाला माझ्या व्हॅनमधून घरी आणलं. चाकाच्या खुर्चीला दोरीने बांधलं आणि बाजूला हॉटेलच्या उशांची रास लावली. घाटातल्या वळणांवर तो डाव्या हाताने माझ्या सीटवर थापटा मारत होता, म्हणजे मी वेगाने चालवतेय अशी त्याची तक्रार होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला तो गेन्झोदादा वाटला.

गिळायला शिकवणारी मिझोगुची नावाची मुलगी आठवड्यातून दोनदा घरी यायची. ती सांगायची आणि वहिनी ऐकायची. पाठ सरळ, हनुवटी खाली. चमचा वरून नाही, खालून आणायचा. कंठमणी वर जाऊन खाली आला की मगच दुसरा घास. पाण्यासारखं पातळ नको, भुगा होणारं नको, धाग्याचं नको.

"मग राहिलं काय, पोरी?" वहिनीने विचारलं.

"इस्पितळाने पाकिटं दिलीत ना, काकू."

ती पाकिटं आम्ही उघडली. एकात हिरवट लगदा, एकात करडा. वर लिहिलं होतं, पालक, मासा. वहिनीने करडा लगदा चमच्यात घेतला, दादाने तो तोंडात घेतला, क्षणभर ठेवला आणि वहिनीच्या एप्रनवर थुंकला. मग हिरवा थुंकला. मिझोगुची ओशाळली. वहिनीने तोच चमचा स्वतःच्या तोंडात घातला.

"बरोबर आहे यांचं," ती म्हणाली. "मीसुद्धा थुंकले असते."

दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडून समुद्री शेवाळाचा वास आला. मी ब्रश तोंडात धरूनच उभी राहिले. मग सुक्या माशाचा कीस उकळत्या पाण्यात पडल्याचा वास. वहिनीने दाशी, म्हणजे पातळ सार, करायला घेतली होती, आमच्याकडे जिच्यावाचून चूल पेटत नाही ती. मी तशीच तिच्या मागच्या दाराने आत गेले.

तिने अंडी फोडली, फेस न आणता जेवायच्या काड्यांनी हलवली, कोमट दाशी ओतली आणि सगळं फडक्यातून गाळलं. दोन थेंब सोया सॉस घातला. पेल्यात भरून वाफेवर ठेवलं, झाकणाखाली पंचा बांधला आणि गॅस इतका बारीक केला की ज्योत विझते की काय असं वाटावं.

"मोठ्या आचेवर लवकर होईल ना," मी म्हटलं.

"होईल, आणि जाळी पडेल. जाळी पडली की पाणी सुटतं. पाणी यांना चालत नाही." ती पेल्यावरून नजर हलवत नव्हती. "इतकी वर्षं ही अंड्याची चावानमुशी केली गं, जाळी पडली तर पडली म्हणायचे. आता पडून चालणार नाही."

पेला बाहेर आला तेव्हा वरचा पिवळा थर आरशासारखा होता. वहिनीने सपाट चमच्याने कड उचलली. दादाने तोंड उघडलं. घास आत गेला. मी त्याच्या गळ्याकडे बघत होते, वहिनीही तिथेच बघत होती. काहीच हललं नाही. मग कंठमणी वर गेला. थांबला. खाली आला.

दादाने स्वतःहून पुन्हा आ केला.

मला रडू फुटलं. वहिनीचं काही नाही. "हनुवटी खाली घ्या," ती खेकसली. "आणि घाई करू नका. कुठे जायचंय तुम्हाला?"

त्यानंतर त्या घरात सकाळी सुरू झालेलं शिजणं संध्याकाळीच थांबायचं. तांदळाची पेज, पण खळ केल्यासारखी एकजीव, वर खारवलेल्या आंबट उमेबोशी फळाचा गर. सोयाबीन आंबवून केलेल्या मिसोचं सूप, बटाट्याच्या सत्त्वाने दाटवलेलं. निकुजागा या मांस-बटाट्याच्या कालवणातले बटाटे वेगळे घोटायचे, मांस वेगळं वाटायचं आणि ज्या गोडसर रसात दोन्ही शिजलं तोच वरून सोडायचा. बांगडा मिसोत आलं घालून शिजवायचा, मग वहिनी चष्मा लावून एकेक काटा बोटांनी शोधायची. ते मांस खाचांच्या दगडी खलात खवलेल्या चिकट कंदाबरोबर घोटायची, वाफवायची आणि सुरीने तुकड्याचा आकार द्यायची. सालीच्या जागी मिसोचा काळपट रस. लांबून बघितलं तर बांगड्याचा तुकडाच.

"आकार कशाला देत बसतेस?" मी विचारलं होतं. "पोटात जाऊन लगदाच होणार."

"पोटात होऊ दे. ताटात मासा दिसला पाहिजे. हा माणूस मासा खातोय, औषध नाही."

तोमिकोताई रविवारी यायच्या, दारातूनच नाक वर करून. "काय, आज बाळाला काय भरवलं?" असं विचारायच्या. वहिनी म्हणायची, "बाळाच्या ताईला भूक लागली असेल तर तिलाही भरवते." पण त्या तिथे कधी जेवल्या नाहीत. घरून डबा आणायच्या आणि बाहेर ओसरीवर बसून खायच्या.

हिवाळ्यात चूक झाली. चूक वहिनीचीच होती, ती कधी नाही म्हणाली नाही. मुळ्याचे जाड काप तिने सकाळपासून दाशीत शिजत ठेवले होते. इतके मऊ की काडी लावली तर फाटावेत. पण साल काढताना ती नेहमीसारखी पातळ काढली गेली आणि सालीखालची एक शीर तशीच राहिली. दादाच्या घशात ती अडकली. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. वहिनीने त्याला पुढे वाकवून पाठीवर थापा मारल्या, तोंडात बोटं घातली. शीर निघाली. दादाने श्वास घेतला. पण रस जायला नको तिकडे गेला होता. दोन दिवसांत ताप चढला आणि बर्फ पडत असताना मी व्हॅनचे दिवे लावून पुन्हा घाट चढले.

इस्पितळाच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर तोमिकोताईंनी वहिनीला गाठलं. "हा एकच भाऊ उरलाय मला. तू तुझ्या हट्टापायी मारणार त्याला. भातुकली खेळतेयस तू त्याच्याशी!"

वहिनी खाली येऊन माझ्या व्हॅनमध्ये बसली. काचेवर बर्फ साठत होता, मी वायपर लावले नाहीत.

"नात्सुयो," ती म्हणाली, "वन्सं खरं बोलत असतील तर?"

दादाचा जांभळा चेहरा मीही पाहिला होता. मी एवढंच म्हटलं, "वहिनी, तू भरवणं थांबवलंस तर तुला कुणीच बोल लावणार नाही."

"ते माहितीये," ती म्हणाली. "तेच नकोय मला." आणि ओंजळीत तोंड घालून ती रडली. मी तिला रडताना पाहिलं ते त्या एकाच वेळी.

दादा त्यातून वाचला. हाडं वर आली, पण ताप उतरला. मग डॉक्टरांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. आम्ही टेबलाभोवती बसू असं मला वाटलं होतं, पण या वेळी डॉक्टर स्वतःच उठून खाटेपाशी गेले. खुर्ची ओढली आणि दादाच्या तोंडासमोर बसले.

"कागेयामासान, तुम्हालाच विचारतो. तोंडाने खाल्लं तर हे पुन्हा होऊ शकतं. पुढच्या वेळी कदाचित वाचणार नाही. पोटातून नळी घातली तर धोका कमी होईल, संपणार नाही. काय करू?"

दादाचे ओठ हलले. डावा गाल ताणला गेला. काहीतरी खरखरलं, जुनं इंजिन चालू करताना पहिल्यांदा खरखरतं तसं. त्याने थुंकी गिळली, तीही हनुवटी खाली करून, आणि पुन्हा जोर लावला.

"न... नको."

पडल्यापासूनचा तो त्याचा पहिला शब्द. तोमिकोताईंनी तोंडावर हात घेतला.

"मी काय म्हणालो ते कळलं ना तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

दादाने मान हलवली आणि मग, डॉक्टर बहिरे असावेत तसा, मोठ्याने म्हणाला, "नको!"

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. "ठीक आहे. घरी जा. पण मुळा बंद."

"मुळा देणार," वहिनी म्हणाली. "साल जाड काढेन."

डॉक्टर नर्सकडे वळून औषधांचं सांगायला लागले.

उन्हाळ्यात ओबोन आला. पितर घरी येतात ते दिवस, त्यामुळे जिवंत नातेवाईकही येतात. आदल्या रविवारी तोमिकोताई वहिनीला म्हणाल्या, "या वर्षी जेवण बाहेरून मागवू. आणि गेन्झोला आतल्या खोलीत ठेव. लाळ गळते, खोकतो. सगळ्यांसमोर बरं नाही दिसत, त्यालाही लाज वाटेल."

"बरं," वहिनी म्हणाली. एवढंच. मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि म्हटलं, काहीतरी शिजतंय.

त्या दिवशी दुपारी सगळे जमले. दादाचे पुतणे, त्यांच्या बायका, मुलं, आणि मलाही बोलावणं होतं. बाहेरून काहीच आलेलं नव्हतं. मधल्या मोठ्या खोलीत टेबलाच्या मुख्य जागी दादा बसला होता, दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट, गळ्याला निळा पंचा. तोमिकोताईंनी ते बघितलं आणि ओठ आवळले. मग वहिनीने एकेकाच्या पुढे ताटं मांडायला सुरुवात केली.

सगळ्यांची ताटं सारखी होती. चावानमुशी. घोटलेली पेज. आकार दिलेला बांगडा. निकुजागाचे दोन ढीग, एक पांढरा, एक तपकिरी. मुळ्याचा काप, चंद्रासारखा, जाड साल काढून लहान झालेला. रेशमी तोफू. आणि काड्यांच्या जागी सपाट चमचा.

थोरला पुतण्या हसला. "काकू, आमचे दात शाबूत आहेत की."

"असू देत. आज त्यांना सुट्टी," वहिनी म्हणाली. "या घरात आता असंच शिजतं. यजमान जे खातो तेच पाहुण्यांना. ज्याला नको असेल त्याने बंदरावर जावं, नूडल्सचं दुकान उघडं आहे."

तोमिकोताई उठल्या. "हा मुद्दाम केलेला अपमान आहे, फुसाए. मला खाली बघायला लावायला केलंयस तू हे."

"मी पहाटेपासून स्वयंपाक केलाय, वन्सं. अपमान करायला एवढे काटे काढावे लागत नाहीत."

तोमिकोताईंनी सरकत्या दाराला हात घातला. तेवढ्यात दादा बोलला.

"नको."

त्याचा तो एकच शब्द होता तेव्हा, त्याच्यातच त्याला सगळं बसवावं लागायचं. त्याने डाव्या हाताने आपल्या शेजारची बसायची उशी थापटली. पुन्हा म्हणाला, या वेळी हळू, "नको."

तोमिकोताई दाराशी किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मग परत आल्या आणि त्या उशीवर बसल्या. चमचा उचलला. बांगड्याचा कोपरा तोडला आणि तोंडात घातला. आम्ही सगळे जण त्यांच्या गळ्याकडे बघत होतो, जणू त्यांनाच गिळता येत नव्हतं.

"मिसो कुणाचा?" त्यांनी विचारलं. "आईच्या कृतीचा?"

"नाही. माझ्या माहेरचा. आईंचा फार खारट व्हायचा."

"खारटच व्हायचा," तोमिकोताई म्हणाल्या, आणि आणखी एक घास घेतला. "पण मला हे काही पटलेलं नाही, सांगून ठेवते. नळीच बरी होती."

"नका पटवून घेऊ. जेवा."

मुलांना ते जेवण भलतंच आवडलं. धाकटीने दादाचं बघून हनुवटी खाली करून गिळायचा खेळ काढला, मग सगळी पोरं तशीच जेवली. दादाची लाळ दोनदा गळली. दोन्ही वेळा तोमिकोताईंनी पंच्याने पुसली, वहिनीच्या आधी.

आता त्यालाही दोन हिवाळे झाले. मधे एकदा पुन्हा ताप आला, पुन्हा घाट, पुन्हा इस्पितळ. डॉक्टर दर तपासणीला धोका समजावून सांगतात, वहिनी दर वेळी शेवटपर्यंत ऐकते, आभार मानते आणि येताना मला मासळीबाजारापाशी व्हॅन थांबवायला लावते. दादाचं वजन वाढलंय. शब्दही वाढलेत. त्यातले बरेचसे शिव्या आहेत.

गेल्या आठवड्यात त्याला कोरोक्के हवे होते. मी दुकानातून आणलेले गरमागरम बटाट्याचे वडे त्याने खिडकीतून बघितले आणि दिवसभर तेच मागत बसला. मिझोगुचीने ऐकलं तेव्हा ती हातच जोडायला लागली. "काकू, तळलेलं, कुरकुरीत, ते तर सगळ्यात वाईट. अजिबात नको." वहिनीने मान डोलावून ऐकून घेतलं आणि तिला दारापर्यंत पोचवलं. मग मागच्या बाजूला तेल तापायला लागल्याचा आवाज मला आला.

मी गेले तेव्हा तिने वडे तळून काढले होते आणि दाटवलेल्या गरम दाशीत बुडवून ठेवले होते. वरचं आवरण फुगून, ओलं होऊन, चमच्याच्या पाठीने दाबलं की नुसतं विरघळत होतं. तिने एक कण आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून टाळ्याला दाबून बघितला. मग दुसरा. मग दादाच्या समोर बसली.

"कुरकुरीत कुठाय?" दादाने विचारलं. तो एवढं बोलू शकतो आता.

"कुरकुरीतचा वास आहे. वासावर भागवा. हनुवटी खाली."

तो कुरकुरला, पण त्याने आ केला. मला तिने बाजूला ठेवलेला, न बुडवलेला एक दिला. मी तो बाहेर अंगणात जाऊन खाल्ला, आवाज त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.